कार्यप्रणाली बदलल्यानंतर जोडयंत्रांची जबाबदारी कोणाची?

शाळेतील संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत करावी आणि दुसऱ्याच दिवशी, इतकी वर्षे विनातक्रार छपाई करणारा प्रिंटर मुका व्हावा, हा अनुभव प्राथमिक शाळांना आता नवीन राहिलेला नाही. प्रिंटरच्या आत काहीही मोडलेले नसते. दिवा लागतो, कागद ओढला जातो. परंतु संगणकाने पाठविलेला एकही शब्द कागदावर उमटत नाही. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे विचारा. कंपनीचा माणूस दूरध्वनीवर सांगतो, हा नमुना जुना झाला, बदल विंडोजने केला, त्याला आमचा इलाज नाही. आणि विंडोज तयार करणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या मदतपृष्ठावर सुचविते की, यंत्राच्या निर्मात्याकडे चौकशी करावी. अशा रीतीने फिरून फिरून प्रश्न मुख्याध्यापकांच्या टेबलावर परत येतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते सुस्थितीतील यंत्र ‘नादुरुस्त’ या शेऱ्यासह निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसते. त्यासाठी गेलेला पैसा कित्येकदा गावाने लोकवर्गणीतून दिलेला असतो. यास्तव या जबाबदारीची वाटणी मुळात कशी आहे आणि शाळेला ती कोणाकडून व केव्हा मागता येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय, ते पाहू. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था, म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा मोबाइलमधील अँड्रॉइड, तिला कार्यप्रणाली म्हणतात. प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, स्पर्शाने चालणारा फळा ही जोडयंत्रे होत. कार्यप्रणाली आणि जोडयंत्र यांची भाषा एक नसते.

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, कोरकू आणि निहाली बोलणाऱ्या लोकांच्या वस्त्या आहेत. निहाली ही तर भाषाशास्त्रज्ञांना कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसविता न आलेली भाषा होय. अशा वस्तीवरील शाळेत बदलून आलेल्या शिक्षकाने वरच्या वर्गातील एखाद्या चुणचुणीत मुलाला आरंभी दुभाषा म्हणून जवळ बसवून घ्यावे, तसा ड्रायव्हर हा संगणकातील दुभाषा आहे. शिक्षकाला पहिलीच्या मुलाची भाषा येत नाही, त्या मुलाला शिक्षकाची येत नाही. मधला दुभाषा असेपर्यंत वर्ग सुरळीत चालतो. पुढे शिक्षक बदलले. नव्या शिक्षकांची बोलण्याची रीत निराळी, शिस्त अधिक कडक. दुभाष्याला जुन्याच रीतीची सवय. यात पहिलीच्या मुलाचा दोष नाही, कारण तो होता तसाच आहे. दुभाष्याला नवी रीत कोणी शिकवावी, एवढाच प्रश्न उरतो. कार्यप्रणाली बदलल्यावर मुका होणाऱ्या प्रिंटरचा प्रश्न नेमका हाच आहे.

सामान्य संकेत असा आहे की, ड्रायव्हर यंत्राच्या निर्मात्याने लिहावा. कारण उघड आहे. यंत्राच्या आत कोणत्या खुणेने कोणती क्रिया घडते, हे त्यालाच ठाऊक असते, आणि ही माहिती तो सहसा बाहेर देत नाही. कार्यप्रणालीच्या निर्मात्याचे काम असे की, दुभाष्याने उभे कोठे राहावे आणि कोणत्या शब्दांत बोलावे याचे नियम प्रसिद्ध करावेत, ते वारंवार बदलू नयेत, आणि बदलावयाचे असतील तर पुरेशी पूर्वसूचना द्यावी. विंडोजमध्ये अशा ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागते. या सहीबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. ती प्रतिस्वाक्षरीसारखी आहे. कागद खरा आहे आणि मध्ये कोणी फेरफार केलेला नाही, एवढेच ती सांगते. कागदातील मजकुराचे उत्तरदायित्व मूळ लिहिणाऱ्याकडेच राहते.

हा संकेत मोडतो कसा, याचे गाजलेले उदाहरण २००७ सालचे आहे. ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांच्या विक्रीस आली. तिच्यात सुरक्षेसाठी अंतर्गत रचना बरीच बदलली होती, आणि ६४ बिटांच्या आवृत्तीत सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात घेतलाच जात नव्हता. परिणामी कित्येक प्रिंटर, स्कॅनर आणि ध्वनियंत्रे एका रात्रीत निरुपयोगी ठरली. या संदर्भात अमेरिकेत जो दावा झाला, त्यात मायक्रोसॉफ्टमधील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा आपसातील पत्रव्यवहार २००८ मध्ये उघड झाला. त्यावरून असे दिसते की, स्टीव्हन सिनॉफ्स्की या उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या घरच्या प्रिंटरलासुद्धा ड्रायव्हर वेळेवर मिळाला नव्हता. त्यांनी दिलेले कारण मार्मिक आहे: व्हिस्टाची तारीख इतक्या वेळा पुढे गेली होती की, ती खरोखरच येईल यावर यंत्रनिर्मात्यांचा विश्वासच उरला नव्हता आणि त्यांनी कामाला हातच फार उशिरा घातला. येथे दोघांचाही वाटा दिसतो. नियम बदलणाऱ्याने विश्वास गमावला, आणि पाळणाऱ्याने तयारी केली नाही. ग्राहकाने मात्र दोघांनाही पैसे दिलेले होते.

याच्या उलट घटना मार्च २०२१ मधील आहे. ९ मार्चच्या मासिक दुरुस्तीनंतर विंडोज १० असलेल्या अनेक संगणकांवर, काही विशिष्ट प्रिंटरांकडे कागद छापण्यास पाठविताच, संगणकच निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. यंत्रे तीच होती, ड्रायव्हर तेच होते, कार्यप्रणालीची आवृत्तीही तीच होती. बदलली होती ती केवळ मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती. कंपनीने ते मान्य केले आणि आठवड्याभरात नवी दुरुस्ती पाठविली. त्याच वर्षी उन्हाळ्यात छपाईच्या व्यवस्थेत एक गंभीर सुरक्षादोष आढळला, आणि ऑगस्टच्या दुरुस्तीने प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्यासाठी प्रशासकाचे अधिकार आवश्यक केले. ज्या कार्यालयांत प्रशासकाचा संकेतशब्द केवळ संगणक बसवून गेलेल्या माणसालाच माहीत होता, तेथे यामुळे नवा प्रिंटर जोडणे अडून बसले. यात दोष कोणाचाच नव्हता. संकेतशब्द शाळेच्या किंवा कार्यालयाच्या हाती असावयास हवा होता, इतकेच.

या दोन प्रकारांतून शिक्षकांना उपयोगी पडेल अशी एक ढोबळ खूण मिळते. कार्यप्रणालीची आवृत्ती तीच राहून केवळ मासिक दुरुस्तीने यंत्र बंद पडले असेल, तर जबाबदारी बहुतेक वेळा कार्यप्रणालीच्या निर्मात्याची असते, आणि काही दिवस धीर धरल्यास त्याच्याकडूनच उपाय येण्याचा संभव असतो. विंडोज १० वरून विंडोज ११, अशी आवृत्तीच बदलली असेल, तर नवा ड्रायव्हर देणे यंत्रनिर्मात्याकडे येते. आणि तो देणे किंवा न देणे हे त्याच्या मर्जीवर असते, जोपर्यंत त्याने खरेदीच्या वेळी काही लिहून दिलेले नसते. जोडलेल्या संगणकाची, म्हणजे स्थानिक दुकानदाराने सुटे भाग आणून तयार केलेल्या यंत्राची, स्थिती सर्वांत नाजूक. नामांकित कंपनीच्या संगणकाला त्या कंपनीच्या संकेतस्थळावर नमुन्याच्या क्रमांकानुसार ड्रायव्हर मिळतात. जोडलेल्या संगणकाला असा एक मायबाप नसतो. मुख्य फलक एकाचा, चित्रफलक दुसऱ्याचा, आणि कॅमेरा तर कोणाचा हे खोक्यावरही लिहिलेले नसते.

लिनक्सच्या जगात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे, आणि ती रीत समजून घेण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेला मिळालेल्या झेरॉक्स कंपनीच्या लेझर प्रिंटरच्या प्रणालीत एक छोटी सोय करावयाची होती. तिचा मूळ मजकूर त्यांना मिळू शकला नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ, जिची घोषणा त्यांनी १९८३ मध्ये केली, तिच्या मुळाशी प्रिंटरच्या दुभाष्याचे हे दुखणे होते, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्यात बहुसंख्य ड्रायव्हर गाभ्याच्या सोबतच, एकाच भांडारात, सर्वांना वाचता येतील असे ठेवले जातात. तेथील नियम असा की, गाभ्यातील अंतर्गत नियम जो बदलील, त्यानेच त्या बदलामुळे अडणारे भांडारातील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावेत. बदल करणाऱ्याच्या पदरात जबाबदारी टाकणारा याहून सरळ नियम संगणकाच्या क्षेत्रात दुसरा क्वचितच आढळेल.

तथापि हा नियम सर्व दुखण्यांवर औषध नाही. ज्या यंत्राचा निर्माता माहितीच देत नाही, त्याचा ड्रायव्हर त्या भांडारात येतच नाही. आणि आला तरी, तपासून पाहण्यासाठी ते यंत्र कोणाकडे तरी असावे लागते. २०१९ मध्ये फ्लॉपी तबकडीच्या ड्रायव्हरला लिनक्समध्ये ‘अनाथ’ असा शेरा मिळाला, कारण त्याची देखभाल करणाऱ्याजवळ चालू स्थितीतील फ्लॉपी यंत्रच उरले नव्हते.

मराठी लेखनाच्या इतिहासातच या प्रश्नाचा एक पूर्ण धडा आहे. संगणकावर देवनागरी आणण्याचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी झाले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते ‘जिस्ट’ या नावाने तेथे वाढले. त्या काळी संगणकात जिस्ट कार्ड नावाचा एक स्वतंत्र फलक बसवावा लागे. डॉस या जुन्या कार्यप्रणालीत मराठी अक्षर पडद्यावर उमटविण्याचे काम तो फलक करी. विंडोज आल्यावर पडदा रंगविण्याची रीतच बदलली आणि फलकाचे प्रयोजन संपले. त्याचे काम सॉफ्टवेअरने आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरसंचांनी घेतले. त्यांपैकी काही संचांबरोबर संगणकाच्या मागे लावावयाची एक कुलूपवजा खुंटी येत असे, आणि त्या खुंटीलाही ड्रायव्हर लागे. विंडोज बदलली की खुंटी ओळखली जात नसे, खुंटी ओळखली गेली नाही की संच उघडत नसे, आणि संच उघडला नाही की वर्षानुवर्षांचे दाखले व पत्रके वाचता येत नसत. अक्षरे तेथेच होती. ती दाखविणारा दुभाषा गेला होता.

हा गुंता सुटला तो कोणा एका कंपनीने जबाबदारी पत्करल्यामुळे नव्हे, तर सर्वांनी एक सामाईक नियम मान्य केल्यामुळे. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला निश्चित स्थान मिळाले, आणि २००० साली आलेल्या विंडोज २००० पासून देवनागरीची सोय कार्यप्रणालीतच अंगभूत झाली. त्यानंतर विंडोजच्या कितीतरी आवृत्त्या आल्या. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी पत्र मात्र कोणत्याही नव्या संगणकावर विनासायास उघडते. जुन्या अक्षरसंचांतील मजकूर ज्यांच्याजवळ अजून पडून आहे, त्यांनी तो जुना संगणक चालू आहे तोवर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, हे येथेच सांगितलेले बरे.

हाच धडा जोडयंत्रांना लागू पडतो. कळफलक, माउस, पेनड्राइव्ह यांच्यासाठी कोणी ड्रायव्हर शोधीत बसत नाही, कारण ही यंत्रे यूएसबीच्या सामाईक नियमांनी बोलतात आणि त्यांचा दुभाषा कार्यप्रणालीतच बसलेला असतो. एचडीएमआय तारेने जोडलेल्या प्रक्षेपकाचेही तसेच. कार्यप्रणाली कोणतीही असो, त्याला चित्र मिळते. परंतु त्याच प्रक्षेपकाबरोबर स्पर्शाचा किंवा लेखणीचा फळा घेतला असेल, तर त्याच्या स्पर्शासाठी बहुधा निर्मात्याचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. शाळेतील पुष्कळ डिजिटल फळे आज केवळ पांढरा पडदा म्हणून वापरले जातात, त्याचे एक कारण हे आहे.

प्रिंटरच्या बाबतीत भेद अधिक सूक्ष्म आहे. काही प्रिंटरांना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल यांसारखी, १९८४ पासून प्रचारात असलेली सामाईक भाषा समजते. असा प्रिंटर वीस वर्षांचा झाला तरी त्याला कोठे ना कोठे दुभाषा मिळतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रिंटरांत किंमत कमी ठेवण्यासाठी बुद्धीच कमी ठेवलेली असते. पान कसे दिसावे याचा सर्व हिशेब संगणकातील ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर केवळ ठिपके उमटवितो. भारतातील कार्यालयांत व शाळांत सर्रास दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे याच जातीचे. पैकी १०२० ची तर अशी गंमत आहे की, तो चालू केल्यावर त्याच्या पोटातील कार्यक्रमसुद्धा प्रत्येक वेळी संगणकाकडूनच त्याला भरवावा लागतो. हे प्रिंटर कणखर आहेत आणि त्यांनी शाळांची मोठी सेवा केली आहे. परंतु त्यांचे आयुष्य त्यांच्या लोखंडावर नव्हे, तर ड्रायव्हरवर अवलंबून आहे, हे विसरता कामा नये. विंडोज १० च्या २०२१ नंतरच्या आवृत्त्यांत मोप्रिया या सामाईक नियमाने चालणारे प्रिंटर निर्मात्याच्या ड्रायव्हरशिवाय जोडता येऊ लागले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने निर्मात्यांच्या स्वतंत्र प्रिंटर-ड्रायव्हरांचे विंडोज अपडेटमधून होणारे वितरण टप्प्याटप्प्याने आवरते घेण्याचे धोरण जाहीर केले. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून कळते. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंट ही खूण आहे की नाही हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

आता महाराष्ट्रातील शाळांकडे वळू. शाळांत माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान आणण्याची केंद्र सरकारची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली व २०१० मध्ये सुधारली गेली. तिच्याखाली महाराष्ट्रात माध्यमिक शाळांना संगणककक्ष मिळाले ते ‘बांधा, मालकीत ठेवा, चालवा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने. कंपनीने कक्ष उभारावयाचा, पाच वर्षे चालवावयाचा, आणि मग शाळेच्या स्वाधीन करावयाचा. पाच वर्षे कोणी तरी उत्तरदायी होते. सहाव्या वर्षी यंत्रे शाळेची झाली. ड्रायव्हरची चिंताही त्यांच्याबरोबर शाळेकडे आली, परंतु ती वाहण्याचे साधन आले नाही. प्राथमिक शाळांच्या बाबतीत तर करारही नव्हता. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. घेतलेले संगणक बहुधा विंडोज ७ किंवा १० चे होते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रक्रियक आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचकती लागते. ती आठवी पिढीच मुळी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे ज्या उत्साहाच्या वर्षांत गावांनी सर्वाधिक वर्गणी दिली, त्याच वर्षांचे संगणक नव्या यादीबाहेर राहिले.

आणखी एक बारीक खाच आहे. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही. कमी स्मृतीच्या जुन्या संगणकांवर ३२ बिटांची विंडोज चालत असे, आणि तिच्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या कार्यप्रणालीत चालूच शकत नाही. नवा संगणक आणला, जुना स्कॅनर त्याला जोडला आणि तो चालला नाही, तर संशय प्रथम येथे घ्यावा.

मग कार्यप्रणाली अद्ययावतच करू नये, असा विचार काहींच्या मनात येईल. तो धोक्याचा आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामकाज ठप्प केले. तो विषाणू विंडोजमधील ज्या भगदाडांतून पसरला, त्यांपैकी एका मोठ्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती, त्या संगणकांतून त्याला वाट मिळाली. शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा आणि पालकांची माहिती असते. तीवर पाणी सोडून प्रिंटर वाचविण्यात शहाणपण नाही. विंडोज १० चे संगणक १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही चालतात, जोडयंत्रेही चालतात. थांबल्या त्या विनामूल्य सुरक्षादुरुस्त्या. शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने या दुरुस्त्या पुढील तीन वर्षे विकत देऊ केल्या, प्रत्येक संगणकास पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४. ही रक्कम सादिल खर्चात बसणारी आहे. मात्र ती योजना एकेकट्या शाळेने घेण्यापेक्षा गटस्तरावरून घेणे सोयीचे.

केरळ राज्याने निराळा मार्ग धरला. तेथील शासकीय शाळांत ‘काइट’ या एकाच सरकारी संस्थेने लिनक्सवर आधारलेली स्वतःची कार्यप्रणाली पुरविली, आणि यंत्रखरेदीच्या अटी, पाच वर्षांची हमी व तक्रारनिवारणही त्याच संस्थेने आपल्याकडे ठेवले. यातील महत्त्वाची गोष्ट लिनक्स नव्हे. कार्यप्रणाली निवडणारा, यंत्र निवडणारा आणि तक्रार ऐकणारा हे तिघे एकच असल्यामुळे बोट दाखविण्यास दुसरा कोणी उरत नाही, ही होय. सी-डॅकने २००७ पासून बॉस लिनक्स ही मराठीसह भारतीय भाषांत चालणारी प्रणाली विनामूल्य दिलेली आहे. परंतु प्रणाली देणे आणि शाळेतील प्रत्येक प्रिंटरचे उत्तरदायित्व घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

टॅब आणि मोबाइल यांची साखळी आणखी लांब. गूगल अँड्रॉइड देते, चकतीचा निर्माता तिचे ड्रायव्हर देतो, टॅब तयार करणारी कंपनी दोन्ही जुळविते. यांपैकी एकाने हात आखडला की अद्ययावतन थांबते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला की, मोबाइल व टॅबचा नमुना विक्रीतून काढल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याच्या कार्यप्रणालीची अद्ययावतने पुरवावी लागतील. शाळेच्या हाती आज असलेले साधन म्हणजे खरेदीचा कागद.

म्हणून दरपत्रक मागवितानाच पुरवठादाराकडून लेखी घ्यावे की, यंत्र कोणत्या कार्यप्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर व किती बिटांवर चालते. निर्माता किती वर्षे नव्या आवृत्त्यांसाठी ड्रायव्हर देणार आहे. आणि ड्रायव्हर न मिळाल्यास हमीच्या काळात यंत्र बदलून मिळेल काय. हमीपत्रांत सहसा लोखंडाची हमी असते, ड्रायव्हरची नसते. सॉफ्टवेअरच्या शर्तींत तर ते ‘जसे आहे तसे’ दिल्याचेच लिहिलेले असते. तिसऱ्या प्रश्नावर पुरवठादार चाचरला, तर तेही एक उत्तरच समजावे. देणगी म्हणून जुने यंत्र स्वीकारतानाही पहिला प्रश्न अवश्य विचारावा. दात्याचा मान राखून नम्रपणे नकार देता येतो; नादुरुस्त यंत्राचे ओझे जडसंग्रहात पुढच्या मुख्याध्यापकांपर्यंत वाहत राहते. ठशांच्या यंत्राबाबत आणखी दक्षता हवी. आधारच्या कामासाठी यंत्रासोबत निर्मात्याची नोंदणीकृत सेवा चालू असावी लागते, आणि ठराविक मुदतीनंतर तिचे वार्षिक शुल्क द्यावे लागते. ती मुदत संपली की यंत्र बंद पडल्यासारखे दिसते.

जडसंग्रह नोंदवहीत केवळ ‘प्रिंटर, १ नग’ असे न लिहिता नमुन्याचा पूर्ण क्रमांक, खरेदीची तारीख आणि कार्यप्रणालीची आवृत्ती लिहावी. यंत्रासोबत आलेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवावा. प्रशासकाचा संकेतशब्द बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे असावा आणि पदभार देताना तो यादीत नमूद व्हावा. निकालपत्रके किंवा माहिती भरण्याचे दिवस तोंडावर असताना आवृत्ती बदलू नये. दीर्घ सुटीच्या आरंभी बदलावी, आणि लगेच प्रत्येक जोडयंत्र एकदा चालवून पाहावे. कारण विंडोजची आवृत्ती बदलल्यानंतर मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय साधारणपणे दहाच दिवस उपलब्ध असते. नुसता ड्रायव्हरच बदलला गेला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या नावाखाली ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही कळ असते; तिने जुना दुभाषा परत येतो.

ड्रायव्हर शोधताना निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाशिवाय अन्यत्र जाऊ नये. कोणत्याही यंत्राचा ड्रायव्हर विनामूल्य देऊ म्हणणारी पृष्ठे शोधयंत्रात वरच दिसतात, आणि त्यांतून पुष्कळदा नको ती जाहिरात किंवा विषाणू आत येतो. कंपनीचे साहाय्यकेंद्र म्हणून दिसणारे दूरध्वनी क्रमांकही असेच तपासून घ्यावेत. दूरध्वनीवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा दूरवरून कोणालाही देऊ नये.

आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी प्रत्येक ‘नादुरुस्त’ जोडयंत्र दुसऱ्या एखाद्या संगणकावर, शक्य तर जुन्या आवृत्तीच्या, एकदा चालवून पाहावे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही ही परीक्षा घेता येते, आणि संगणकातील मूळ विंडोजला त्यामुळे धक्का लागत नाही. यंत्र तेथे चालले, तर शेरा ‘नादुरुस्त’ असा न लिहिता ‘ड्रायव्हर उपलब्ध नाही’ असा लिहावा. केंद्रातील दुसऱ्या एखाद्या शाळेत त्याच आवृत्तीचा संगणक चालू असेल, तर केंद्रप्रमुखांमार्फत ते यंत्र तिकडे रीतसर हस्तांतरित करता येते.